गोळी घेऊन पळताना शरीरात काय घडतं?

तळोज्यात पहाटे सहाला रस्त्यावर आलात तर दोन प्रकारची माणसं दिसतात. एक, पहिल्या पाळीला निघालेली, कंपनीच्या बसची वाट पाहणारी. दुसरी, पोलीस भरतीसाठी पळणारी आपली पोरं-पोरी. फेज दोनच्या मोकळ्या रस्त्यांवर त्यांचा सराव चालतो. कुणाच्या पायात बूट असतात, कुणी अजून चपलांवरच असतं, पण पळतात जिद्दीने.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही रक्तदाब तपासत बसलो होतो. त्या एका सकाळी दोन प्रश्न आले. आधी एक मावशी आल्या. त्या रात्री झोपेची गोळी घेतात. त्यांच्या लक्षात आलं की पाकिटातल्या गोळ्या कमी होतायत. मुलाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सराव परीक्षेच्या आदल्या रात्री अर्धी घेतो. छातीत धडधडतं, झोप येत नाही. गोळी घेतली की भीती वाटत नाही."

मावशींच्या मागे एक ताई उभ्या होत्या. त्यांच्या मालकांनी दारू सोडून चार महिने झाले होते. दारूची ओढ कमी व्हावी म्हणून डॉक्टरांनी नाल्ट्रेक्सोन नावाची गोळी दिली होती. ते रोज संध्याकाळी जोरात चालायला जायचे आणि चालताना छाती धडधडते म्हणायचे. शेजारच्यांनी सल्ला दिला, "गोळीनेच होतंय. नशा सोडवायला पुन्हा गोळी कशाला? बंद करा." त्यांनी बंद केली. तिसऱ्या आठवड्यात ते पुन्हा गुत्त्यावर दिसले.

एका घरात छातीची धडधड थांबवायला गोळी घेतली गेली, दुसऱ्या घरात धडधडीच्या भीतीने गोळी सोडली गेली. दोन्ही घरं एकाच गोष्टीभोवती फिरत होती. अंगमेहनतीच्या वेळी शरीर जी ताणाची संप्रेरकं सोडतं, त्यांचं काम काय आणि गोळ्या त्यांच्यात काय फेरफार करतात, हे दोघांनाही कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून या वेळचं आरोग्य पान त्यावर.

शरीराचा भोंगा

संप्रेरक म्हणजे रक्तातून जाणारा निरोप. आपण त्याला हार्मोन म्हणतो. शरीरातल्या ग्रंथी हा निरोप रक्तात सोडतात आणि तो दूरच्या अवयवाला कामाला लावतो.

कंपनीत काही गडबड झाली की भोंगा वाजतो, आणि मग सगळे आपापल्या जागी धावतात. शरीरातही तसा भोंगा आहे. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी बसलेली असते, तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. या भोंग्याचे दोन आवाज आहेत.

पहिला आवाज ॲड्रेनॅलिनचा. मेंदूकडून मज्जातंतूंमार्फत थेट इशारा येतो आणि काही सेकंदांत ॲड्रेनॅलिन रक्तात उतरतं. हृदय जोरात चालतं, श्वासनळ्या मोकळ्या होतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. शिट्टी वाजायच्या आधीच छातीत धडधडतं ते यामुळेच.

दुसरा आवाज कॉर्टिसॉलचा, आणि तो सावकाश येतो. मेंदूच्या तळाशी असलेला एक भाग सीआरएच नावाचा निरोप पाठवतो. त्याखालची वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी तो घेऊन एसीटीएच नावाचा दुसरा निरोप रक्तात सोडते. तो अधिवृक्क ग्रंथीपर्यंत पोचतो तेव्हा कॉर्टिसॉल तयार होतं. साहेबाने फोरमनला सांगावं आणि फोरमनने कामगाराला, तसा हा प्रकार आहे. म्हणून कॉर्टिसॉल वर चढायला बरीच मिनिटं लागतात. मेहनत लांबली तर साखरेचा पुरवठा चालू ठेवणं, रक्तदाब टिकवणं आणि दुखापतीनंतरची सूज आवाक्यात ठेवणं, ही त्याची कामं.

कुठल्याही हालचालीने हा दुसरा आवाज उठत नाही. आरामात चालताना कॉर्टिसॉल फारसं वाढत नाही, कधी उलट थोडं उतरतं. साधारणपणे आपल्या कमाल दमाच्या साठ टक्क्यांच्या वर गेलं की ते चढू लागतं. घरच्या घरी ओळखायची खूण अशी: चालताना गप्पा मारता येत असतील तर भोंगा शांत आहे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तो वाजतोय.

भोंगा वाजणं हा आजार नाही. ज्याचं शरीर पुरेसं कॉर्टिसॉल बनवू शकत नाही, त्या माणसाला साधा जुलाब किंवा छोटं ऑपरेशनसुद्धा जिवावर बेतू शकतं.

भोंग्याबरोबर येणारा लगाम

नुसता भोंगा वाजत राहिला तर कारखाना चालणार नाही. शरीराने त्याची सोय केली आहे. पीयूष ग्रंथी ज्या कच्च्या मालातून एसीटीएच बनवते, त्याच मालातून ती बीटा-एंडॉर्फिन नावाचा आणखी एक पदार्थ बनवते. जोरदार मेहनतीत दोन्ही एकाच वेळी रक्तात उतरतात.

एंडॉर्फिन म्हणजे शरीराची स्वतःची अफू. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन इथे १९७५ मध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी मेंदूतच तयार होणारे अफूसारखे पदार्थ शोधून दाखवले. अफू, मॉर्फिन, ब्राउन शुगर ही सगळी मेंदूतल्या ज्या कुलपात जाऊन बसतात, ते कुलूप मुळात शरीराच्या स्वतःच्या चावीसाठी आहे.

ही स्वतःची अफू वेदना कमी करते आणि दुसरं एक काम करते. सीआरएच सोडणाऱ्या मेंदूच्या भागावर ती सतत हलका हात ठेवून असते. "पुरे, जास्त नको," असं सांगणारा हा लगाम आहे. आता गोळ्या काय करतात ते समजायला सोपं जाईल. काही गोळ्या भोंग्याचा आवाज दाबतात, काही हा लगाम सैल करतात.

झोपेची गोळी: आवाज दबतो, ताकद वाढत नाही

आपल्या वस्त्यांत "झोपेची गोळी" किंवा "टेन्शनची गोळी" म्हणून जी येते, ती बहुतेक वेळा अल्प्राझोलम, डायझेपाम, क्लोनाझेपाम किंवा नायट्राझेपाम असते. नशेसाठी विकली जाते तेव्हा तिला "बटन" म्हणतात. मेंदूत गाबा नावाचा एक शांत करणारा पदार्थ असतो. या गोळ्या त्याचं काम वाढवतात. मेंदूच्या पेशी मंदावतात, त्यात सीआरएच सोडणाऱ्या पेशीही आल्या.

निरोगी माणसांना अल्प्राझोलम देऊन जोरदार व्यायाम करायला लावला, तेव्हा एसीटीएच आणि कॉर्टिसॉल नेहमीपेक्षा कमी वाढलेलं आढळलं. मग ताण कमी झाला, हे चांगलंच ना? मावशींच्या मुलानेही हेच विचारलं.

त्याला आम्ही उत्तर दिलं ते असं. तुझी शर्यत सोळाशे मीटरची. ती संपते पाच-सात मिनिटांत. कॉर्टिसॉल त्या वेळेत नीट वर चढतही नाही, त्याचं शिखर तू पळून आल्यावर खाली बसलेला असतोस तेव्हा येतं. म्हणजे गोळीने तू जे दाबतोस ते शर्यतीत तुला अडवतच नव्हतं. आणि गोळी जे बिघडवते, ते मात्र शर्यतीत लागतं. इशारा ऐकून पाय उचलण्याचा वेग मंदावतो. तोल जातो. स्नायू ढिले पडतात. कुठे थांबावं हे सांगणारी जाणीव बोथट होते. भीती कमी वाटते, पण पाय वेगवान होत नाहीत.

दुसरी गोष्ट वेळेची. रात्री घेतलेली गोळी सकाळपर्यंत उतरते असं सगळ्यांना वाटतं. रक्तातलं अल्प्राझोलम निम्म्यावर यायला साधारण अकरा तास लागतात. रात्री अकराला घेतलं तर सकाळी सहाला निम्म्याहून जास्त अंगात असतं. नायट्राझेपाम निम्म्यावर यायला एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो, डायझेपामला एक ते दोन दिवस. रोज घेतली तर ती साठत जाते. आदल्या रात्रीची गोळी घेऊन मैदानात उतरलेला मुलगा अर्धवट गुंगीतच पळत असतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात धोक्याची. काही आठवडे रोज घेतलेली ही गोळी एकदम बंद केली तर दाबून ठेवलेला भोंगा उसळून वाजतो. झोप उडते, हात थरथरतात, घाम सुटतो, छाती धडधडते. काहींना फिट येते. म्हणून मावशींनाही आम्ही सांगितलं: तुमची गोळी उद्यापासून बंद करू नका. डॉक्टरांकडे जा, डोस हळूहळू कमी करून घ्या. आणि तोवर पाकीट कुलपात ठेवा.

अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम आणि दुखण्यावरचं ट्रामाडॉल ही औषधं १ मार्च २०१४ पासून एच-वन या यादीत आहेत. त्यांच्या पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. दुकानदाराला रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव व गोळ्यांची संख्या वहीत लिहावी लागते आणि ती नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. कुणी चिठ्ठीशिवाय सुट्या गोळ्या हातावर ठेवत असेल, तर तो आपल्या मुलांचं नुकसान करतोय हे त्याला तोंडावर सांगा.

नाल्ट्रेक्सोन: लगाम सैल होतो

आता ताईंच्या मालकांकडे वळू. नाल्ट्रेक्सोन आणि नॅलोक्सोन ही दोन औषधं अफूच्या कुलपात जाऊन बसतात, पण कुलूप उघडत नाहीत. नुसती जागा अडवतात. त्यामुळे बाहेरून घेतलेल्या अफूचा परिणाम होत नाही. दारूची मजाही काही अंशी शरीराच्या स्वतःच्या अफूतून येते, म्हणून नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्याला दारू पूर्वीसारखी चढल्याची गंमत वाटत नाही आणि ओढ कमी होते. डॉक्टर साधारण रोज ५० मिलिग्रॅमची गोळी देतात. नॅलोक्सोन हे प्रामुख्याने इंजेक्शन आहे. अफूजन्य औषध जास्त झाल्याने श्वास बंद पडत असलेल्या माणसाला ते मिनिटांत परत आणतं.

पण कुलूप अडवलं की शरीराची स्वतःची अफूही बाहेर राहते. सीआरएचवरचा तो हलका हात उचलला जातो. म्हणून नॅलोक्सोन दिल्यावर बसलेल्या माणसाचंसुद्धा एसीटीएच आणि कॉर्टिसॉल वाढतं. ते देऊन जोरदार व्यायाम करवला, तर ताणाची संप्रेरकं आणखी वर जातात आणि ॲड्रेनॅलिनही जास्त सुटू शकतं. झोपेच्या गोळीच्या बरोबर उलट.

मग शेजारी बरोबर होते का? नाही. तीन कारणांनी.

एक, ही वाढ शरीर पेलू शकतं. जोरदार व्यायामाने ती ठळक दिसते, गप्पा मारत चालण्याने नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही गोळी घेणारी माणसं चालतात, काम करतात, ओझी उचलतात.

दोन, दारू सोडल्यानंतरचे सुरुवातीचे आठवडे स्वतःच ताणाचे असतात. वर्षानुवर्षं दारूने दाबलेला भोंगा मोकळा होतो, झोप नीट लागत नाही, नाडी जलद चालते. ती धडधड गोळीच्या नावावर टाकली जाते. शिवाय रक्त कमी असणं, थायरॉइड, वाढलेला रक्तदाब, हृदयाचा आजार यांनीही धडधडतं. ते तपासल्याशिवाय गोळीला दोष देणं म्हणजे ताप मोजणारी काचेची नळी फोडणं.

तीन, गोळी बंद केल्याची किंमत धडधडीपेक्षा मोठी असू शकते. ताईंच्या घरी ती मोजावी लागली. त्यांना आम्ही डॉक्टरांकडे परत पाठवलं. तपासणीत त्यांच्या मालकांच्या अंगात रक्त कमी निघालं. गोळी पुन्हा सुरू झाली, रक्तवाढीची गोळी जोडली गेली. चालणं चालू राहिलं, फक्त वेग कमी केला.

काही जण विचारतात, या गोळीने व्यायामाचा आनंदही जातो का? लांब पळल्यावर मनाला जो हलकेपणा येतो तो एंडॉर्फिनमुळे, असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. जर्मनीतल्या हॅम्बर्ग इथल्या डॉक्टरांनी हे तपासलं. ६३ जणांपैकी काहींना नाल्ट्रेक्सोन देऊन आणि काहींना खोटी गोळी देऊन त्यांनी पळवलं. २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की लगाम अडवूनही पळणाऱ्यांना तो हलकेपणा जाणवला. तो आनंद बहुधा शरीराच्या दुसऱ्या एका रसायनातून येतो. म्हणजे नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्याने व्यायाम सोडायचं कारण नाही. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही योगाला उपचारात जागा आहे.

या गोळीबाबत दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. ज्याच्या अंगात अजून ब्राउन शुगर, ट्रामाडॉल किंवा मॉर्फिन आहे, त्याला ती देता येत नाही. साधारण सात ते दहा दिवस अंग त्यापासून मोकळं असावं लागतं, नाहीतर उलट्या, जुलाब, अंगदुखी एकदम उसळते. आणि गोळी घेणाऱ्याने खिशात तशी चिठ्ठी ठेवावी. अपघात झाला तर दुखणं थांबवायचं नेहमीचं इंजेक्शन त्याला लागू पडणार नाही, हे डॉक्टरांना लगेच कळलं पाहिजे. यकृताची तपासणीही डॉक्टर सांगतील तेव्हा करून घ्यावी.

ट्रामाडॉल आणि मॉर्फिन: लगाम जास्त ओढला जातो

नाल्ट्रेक्सोन लगाम सैल करतं, तर अफूच्या जातीची औषधं तो ओढून धरतात. ट्रामाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, मॉर्फिन ही त्यात येतात. दीर्घकाळ घेतली तर काही माणसांत कॉर्टिसॉल गरजेपेक्षा कमी पडू लागतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये याबद्दल इशारा दिला. सतत थकवा, मळमळ, भूक न लागणं, उभं राहिलं की चक्कर, रक्तदाब खाली, ही त्याची लक्षणं.

आपल्याकडे हे दोन ठिकाणी दिसतं. पहिलं, भरतीची पोरं. पिंडरीचं हाड दुखतं म्हणून कुणीतरी ट्रामाडॉल देतं. दुखणं कळत नाही, म्हणून दुखऱ्या हाडावरच पळत राहतात आणि हाडाला तडा जातो. ट्रामाडॉल जास्त झालं तर फिट येऊ शकते. झोपेच्या गोळीबरोबर किंवा दारूबरोबर घेतलं तर झोपेतच श्वास थांबू शकतो. २०१८ पासून ट्रामाडॉल अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. आणि १ जानेवारी २०२४ पासून खेळाडूंना स्पर्धेच्या वेळी त्यावर जगभर बंदी आहे.

दुसरं ठिकाण वेगळं आहे. खारघरला टाटा स्मारकचं कर्करोग केंद्र आहे, तिथे उपचार घेणारे रुग्ण आपल्या वस्त्यांतही राहतात. त्यांतल्या काहींना वेदनेसाठी मॉर्फिनच्या गोळ्या मिळतात. त्यांना आम्ही हात जोडून सांगतो: वरचं वाचून ती गोळी सोडू नका. तुमच्या वेदनेला ती लागते. २०१४ मध्ये संसदेने कायदा बदलला तो अशा रुग्णांना ती सहज मिळावी म्हणूनच. थकवा, चक्कर वाढली तर डॉक्टरांना सांगा, ते रक्तातलं कॉर्टिसॉल तपासू शकतात. घरातल्या घरात, कुणाचा हात धरून रोज थोडं चाला.

पाचव्या शीलाचा प्रश्न

हा प्रश्न विहारात हमखास येतो. "आम्ही पंचशील घेतलं आहे. नशेची गोळी कशी चालेल?"

पाचवं शील शुद्ध हरपवणाऱ्या पदार्थांपासून दूर राहायला सांगतं. नाल्ट्रेक्सोनने नशा येत नाही, सवय लागत नाही. ते माणसाला शुद्धीवर राहायला मदत करतं. कर्करोगाच्या वेदनेत डॉक्टरांनी मोजून दिलेलं मॉर्फिन हे औषध आहे. शील मोडतं ते चिठ्ठीशिवाय, मजेसाठी किंवा भीती दाबायला घेतलेल्या गोळीने. आपल्यातल्या कुणाला औषध घेतल्याबद्दल विहारात खाली मान घालावी लागू नये. उलट दारू सोडलेल्या माणसाच्या शेजारी आपण बसलं पाहिजे.

गोळीशिवाय भोंगा आवरतो का?

आवरतो. त्याला सराव म्हणतात.

जो माणूस काही आठवडे नियमित पळतो, त्याच्या शरीरात त्याच अंतराला, त्याच वेगाला ॲड्रेनॅलिन पूर्वीपेक्षा कमी सुटतं. पहिल्या दिवशी ज्या वेगाला छाती फुटायची, दोन महिन्यांनी त्याच वेगाला माणूस बोलू शकतो. मुलगा गोळीत जे शोधत होता ते सरावच देतो, आणि त्याबरोबर पायात बळही येतं. म्हणून काही साधे नियम:

आठवड्यातले बहुतेक दिवस बोलता येईल अशा वेगाने पळा, एक-दोन दिवसच जोर लावा. जोराच्या दिवसानंतर एक दिवस हलका ठेवा.

रात्री सात-आठ तास झोपा. घरात कुणाची रात्रपाळी असेल तर दिवसा त्याच्या झोपेच्या वेळी टीव्ही बंद ठेवा. कॉर्टिसॉल सकाळी जागं झाल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास सर्वात जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमाराला सर्वात कमी असतं. झोपेचं वेळापत्रक मोडलं की ही घडीही मोडते.

प्रत्यक्ष भरतीच्या आधी चार-पाच वेळा तीच शर्यत, तीच शिट्टी, लोक बघत असताना पळून घ्या. भीतीला सवय लागते.

पळण्याआधी धडधडतं तेव्हा श्वास सावकाश सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. विहारात आपण श्वासावर लक्ष ठेवून बसतो, तेच मैदानाच्या कडेला पाच मिनिटं करा.

हवेत रसायनाचा उग्र वास असेल त्या सकाळी पळू नका. घरात दोरीच्या उड्या किंवा बैठका मारा.

ऊन आणि दमटपणाशी झुंज घेऊ नका. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीनंतर उमेदवारांचे मृत्यू झाले. त्यांचा गोळ्यांशी काही संबंध होता असं आम्ही म्हणत नाही. त्या उन्हात, त्या अंतराला निरोगी शरीरही हार मानू शकतं, एवढंच त्यातून शिकायचं. ज्या शरीराची "थांब" म्हणणारी जाणीव गोळीने बोथट केली आहे, त्याला तर इशारासुद्धा मिळणार नाही.

लगेच दवाखाना कधी?

व्यायाम करताना छातीत दाबल्यासारखं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम थांबून अंग तापलं किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, १०८ ला फोन करा.

गोळ्या घेतलेला माणूस हलवूनही जागा होत नसेल, श्वास संथ झाला असेल, ओठ निळसर पडले असतील, तर त्याला कुशीवर वळवा आणि १०८ बोलवा. पोलिसांच्या भीतीने वेळ घालवू नका. कोणती गोळी घेतली ते डॉक्टरांना खरं सांगा, रिकामं पाकीट सोबत न्या.

व्यसन सोडण्यासाठी १४४४६ आणि मनाच्या ताणासाठी १४४१६ हे सरकारी फोन क्रमांक फुकट आहेत. दोन्हीवर मराठीत बोला.

मावशींचा मुलगा आता पाकिटाला हात लावत नाही असं मावशी सांगतात. पळायच्या आधी त्याला अजून धडधडतं. आम्ही त्याला म्हटलं, धडधडू दे. ते तुझं शरीर तयार होतंय.

जय भीम.